चौदा किलोमीटरची सामुद्रधुनी

युरोप आणि आफ्रिका या दोन खंडांना विभागणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. हवा निवळलेली असली, तर स्पेनच्या दक्षिण टोकावरील तारिफा या गावातून पलीकडचे मोरोक्कोचे डोंगर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. फेरीबोट तासाभरात पैलतीराला लागते. एवढ्याशा पाण्याने भाषा, लिपी, चलन, बाजाराची रीत सारेच पालटावे, याची भुरळ प्रवाशांना फार पूर्वीपासून पडत आली आहे. अलीकडे त्या प्रवाशांत मोटारसायकलवरून हिंडणाऱ्या जोडप्यांची भर पडली आहे. सप्टेंबर संपून उन्हाचा ताप उतरला, की इंग्लंड, जर्मनी, हॉलंड अशा देशांतून ही मंडळी दक्षिणेची वाट धरतात. पुष्कळांची पन्नाशी उलटलेली असते. मुले मार्गी लागलेली, घराचे कर्ज फिटलेले आणि गुडघे अजून साथ देत असलेले.

असे एक दांपत्य वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. गृहस्थ बासष्ट वर्षांचे, पत्नी साठीच्या. उत्तर इंग्लंडमधील एका लहानशा गावात त्यांचे लोखंडी सामान आणि हत्यारांचे दुकान. तीस वर्षे गृहस्थ गल्ल्यावर बसले आणि बाईंनी वह्या सांभाळल्या. आता दुकान मुलाकडे सोपवून दोघे सहा आठवड्यांसाठी निघाले आहेत. जोडपे कल्पनेतले असले, तरी रस्ते, घाट, कायदे आणि इतिहास खरे आहेत; आणि पेढी मुलावर सोपवून प्रथमच बाहेर पडलेल्या बापाच्या मनात काय चालते, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. निघताना बाईंनी एकच अट घातली होती. दुकानात आपणहून फोन करावयाचा नाही. मुलाने विचारले, तरच बोलावयाचे.

लांबच्या प्रवासासाठी वापरतात ती मोठी मोटारसायकल स्वतःच अडीचशे किलोच्या घरात असते. तिच्यावर आणखी दोनशे-सव्वादोनशे किलो भार चालतो. जाड कपडे, बूट आणि हेल्मेट यांसह दोन माणसांचे १७० किलो धरले, तर उरतात तीस ते पंचावन्न किलो. त्यातच बाजूच्या दोन पेट्या, मागची डिकी, हत्यारे, पंक्चरचे सामान, औषधे, पावसाळी कपडे आणि पाणी. प्रत्येकाच्या वाट्याला कपडालत्त्यासाठी सात-आठ किलोंपेक्षा अधिक येत नाही. हा ताळेबंद घरीच, वजनकाट्यावर मांडावा लागतो. ज्यांनी तो मांडला नाही, त्यांच्या वस्तू पहिल्या दोन मुक्कामांतच टपालाने घरी परत जातात. कपड्यांची गोष्ट आपल्या वाचकांपैकी काहींना महत्त्वाची वाटेल : पूर्वी असा स्वार म्हटला म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत चामडेच चामडे, अशी समजूत होती. आता घट्ट विणीच्या नायलॉनचे, आत कठीण कवच बसवलेले कपडे सर्रास मिळतात आणि पाऊस व ऊन या दोहोंत तेच अधिक सोयीचे ठरतात. हातमोजे आणि बूट मात्र विचारूनच घ्यावे लागतात.

मागे बसणे हे आळशाचे काम, असा एक गैरसमज आहे. मागच्या स्वाराने वळणावर अंग उलट बाजूला झुकवले, तर पुढच्याचा अंदाज चुकतो. त्याने होकार देण्याआधी पायरीवर पाय ठेवला, तर उभी गाडी कलंडते. बाईंच्या हाती नकाशा, कागदपत्रे आणि पैसे. हेल्मेटमधील यंत्रामुळे दोघांना बोलता येते, ही सोय मोठीच. पण आठ तास एकमेकांचा आवाज थेट कानात घेऊन जगणे तीस वर्षांच्या संसारालाही नवे असते. त्यांनी ठरवले होते, की दोघांपैकी कोणीही ‘थांब’ म्हटले, की कारण न विचारता गाडी बाजूला घ्यावयाची. कारण नंतर.

इंग्लंडहून निघालेली बोट सुमारे एक दिवस-रात्र प्रवास करून उत्तर स्पेनमधील सान्तान्देर बंदराला लागते. त्या शहराचे नाव ज्या बँकेमुळे जगभर गेले, ती बँक १८५७ मध्ये तिथेच स्थापन झाली. बंदर मागे पडते न पडते तोच पिकोस दे एउरोपा हे चुनखडकाचे डोंगर समोर उभे राहतात. सान ग्लोरिओची खिंड १,६०९ मीटर उंचीवर आहे आणि तिच्याकडे जाणारा रस्ता वळणांनी इतका भरलेला आहे, की अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजणे बरे. खिंडीपलीकडे हिरवळ सरते आणि मेसेताचे पठार सुरू होते : उंच, कोरडे, गव्हाच्या कापलेल्या रानांचे. तेथे दिवसभर सरळ रस्ता आणि वारा एवढेच असते.

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन वाजल्याशिवाय मिळत नाही आणि रात्रीचे नऊच्या आत नाही. दुपारच्या जेवणाला ठरावीक किमतीची, पाव आणि पेयासह तीन भागांची थाळी मिळते. ती स्वस्त आणि भरपेट असते. शाकाहारी माणसाने मात्र सावध राहावे. ‘भाजी’ म्हणून मागवलेल्या पदार्थावर डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरलेले असतात आणि वाढणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. टोमॅटोचे गार साल्मोरेखो हे तर अंडे आणि मांस यांच्या चुऱ्यासह येते. ते वगळून द्या, असे आधीच सांगावे लागते. पालक आणि हरभरे यांची सेव्हियाकडील भाजी, टोमॅटो चोळलेला पाव, ऑलिव्ह, बदाम, फळे यांवर निभावते. कांदा-लसूण न खाणाऱ्याने मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या घरातच ठरवावा.

ला मांचा प्रांतात कोन्सुएग्राच्या टेकडीवर पवनचक्क्यांची ओळ आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस तिच्याभोवतीच्या शेतांत केशराची फुले उमलतात. फुले पहाटे खुडावयाची आणि त्याच दिवशी प्रत्येकातील तीन लाल तंतू हाताने वेगळे करावयाचे. एका ग्रॅम केशराला साधारण दीडशे फुले लागतात. स्पॅनिश भाषेत केशराला ‘असाफ्रान’ म्हणतात. हा अरबी ‘झाफरान’, आपल्याकडील जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडचा ‘जाफरान’. अरबी सत्ता या भूमीवर कोठे कमी, कोठे अधिक, पण एकूण सातशे ऐंशी वर्षे टिकली आणि जाताना बाजारात आपले शब्द ठेवून गेली. गोदामाला स्पॅनिशमध्ये ‘अल्मासेन’ म्हणतात, ते अरबी ‘अल्-मखझन’. त्याच मखझनचा फिरत फिरत ‘मॅगझिन’ झाला आणि तो शब्द दारूगोळ्याच्या कोठारावरून नियतकालिकावर येऊन बसला. जकातीच्या कचेरीला ‘आदुआना’ म्हणतात, त्यात आपला ‘दिवाण’ लपलेला आहे. क्विंटलचे मूळही अरबी ‘किंतार’. त्या जुन्या क्विंटलचा चौथा हिस्सा म्हणजे ‘आरोबा’, साधारण साडेअकरा किलो. स्पॅनिश व्यापारी वह्यांत आरोबासाठी वर्तुळात गुंडाळलेला ‘अ’ लिहीत; ईमेलच्या पत्त्यातील त्या चिन्हाला स्पेनमध्ये आजही आरोबाच म्हणतात.

कॉर्दोबाची मशीद, तिचे साडेआठशेहून अधिक खांब आणि सोळाव्या शतकात तिच्या ऐन मध्यावर बांधलेले चर्च यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रोंदा गावातील १७९३ मध्ये पुरा झालेला, ९८ मीटर उंचीचा पूलही छायाचित्रांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. थांबावे ते ग्रानादाला.

ग्रानादाच्या शेवटच्या मुस्लिम राजाने २ जानेवारी १४९२ रोजी शहर राणी इसाबेला आणि राजा फर्नांदो यांच्या हवाली केले. तीन महिने उलटण्याच्या आत, ३१ मार्च रोजी, त्याच शहरात एका फर्मानावर सह्या झाल्या. जे ज्यू ख्रिस्ती धर्म स्वीकारणार नाहीत त्यांनी जुलैअखेर देश सोडावा, असे ते फर्मान होते. त्यात एक कलम असे होते, की जाणाऱ्यांना आपली जंगम मालमत्ता नेता येईल. पण सोने, चांदी आणि नाणी नेता येणार नाहीत. नेता येईल तो माल आणि हुंड्या. कायद्याच्या भाषेत हे कलम सौम्य वाटते. प्रत्यक्षात चार महिन्यांत हजारो कुटुंबे एकाच वेळी घरे, दुकाने आणि द्राक्षमळे विकावयास निघाली आणि विकत घेणाऱ्यांना घाई नव्हती. घराच्या बदल्यात गाढव आणि द्राक्षमळ्याच्या बदल्यात थोडेसे कापड असे सौदे झाल्याचे आन्द्रेस बेर्नाल्देस या त्या काळच्या बखरकाराने नोंदवून ठेवले आहे, आणि हा बखरकार ज्यूंचा कैवारी मुळीच नव्हता. येणी वसूल होईनात, देणी मात्र चुकती करावी लागत. हुंडी खरी, पण ती परमुलखात सकारील असा आडत्या ओळखीचा असेल, तरच तिचा उपयोग. पिढ्यान् पिढ्यांची पत कागदाच्या एका चतकोरावर आली, आणि तो चतकोरही सर्वांच्या हाती नव्हता.

अलहंब्राच्या राजवाड्याचे तिकीट आता नावावर आणि वेळेवर मिळते. ठरलेली वेळ चुकली, तर नासरी महालांत प्रवेश नाही. आमचे दांपत्य वेळेआधी पोहोचले. नक्षीदार छतांपेक्षा बाईंना त्या फर्मानाची हकीकत अधिक लागून राहिली. गाडीवर सात-आठ किलो सामान घेऊन निघालेल्या माणसाला, ‘काय नेता येईल’ हा प्रश्न जरा जवळचा वाटतो.

ग्रानादाहून हुसकावलेल्या मुसलमानांनी आणि ज्यूंनी जी वाट धरली, तीच वाट आज मोटारसायकलस्वार धरतात : दक्षिणेचा किनारा, तेथून बोट, पलीकडे तेतुआन, शेफशाउएन आणि फेस. तेतुआन हे ओसाड पडलेले शहर तर ग्रानादाच्या निर्वासितांनीच पुन्हा वसवले.

अल्हेसिरास बंदरातून बोट सुटते आणि तांजिये-मेद या २००७ साली सुरू झालेल्या प्रचंड बंदरात उतरवते. येथे मोटारसायकलची तात्पुरती आयात करावी लागते. जकात अधिकारी गाडीचे कागद पाहतो, संगणकात नोंद करतो आणि एक चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी पासपोर्टाइतकीच मोलाची. गाडी ज्याच्या नावे आत आली, त्याने ती घेऊनच देशाबाहेर पडावयाचे, असा तिचा अर्थ आहे. गाडी मोडली, चोरीला गेली, डोंगरावरून कोसळली, तरी नोंद रद्द करून घेतल्याशिवाय त्या माणसाला देश सोडता येत नाही. कर्जाला जामीन राहिलेल्या माणसासारखीच ही स्थिती. मागे बसलेल्याचे नाव त्या चिठ्ठीवर नसते. तो विमानाने केव्हाही जाऊ शकतो. पुष्कळ जोडपी हा बारीक फरक वाचतही नाहीत.

पैशांचाही नियम आहे. मोरोक्कोचा दिरहम बाहेरच्या बाजारात खुला नाही. दोन हजारांपेक्षा अधिक दिरहम देशात आणता येत नाहीत किंवा बाहेर नेता येत नाहीत. तिथे पोहोचून युरो मोडावे, बँकेची पावती जपून ठेवावी आणि उरलेले दिरहम परत करताना ती दाखवावी. आपल्याकडून असा प्रवास योजणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. तो एकाच प्रवेशाचा असेल, तर मोरोक्कोत पाऊल टाकताच तो संपतो आणि परत स्पेनमध्ये येता येत नाही. म्हणून अनेक प्रवेशांचा व्हिसाच मागावा. मोरोक्कोसाठी भारतीयांना २०२२ पासून ई-व्हिसाची सोय झाली आहे. मालागा शहरात गाड्या भाड्याने मिळतात. परंतु प्रत्येक भाडेकरार मोरोक्कोत गाडी नेऊ देतोच असे नाही. करार सही करण्याआधी वाचावा, हे व्यापारी घरात सांगण्याची गरज नसावी.

निळ्या भिंतींचे शेफशाउएन आणि गल्लीबोळांचे फेस येथे दोघे दोन दोन दिवस राहिले. फेसमधील ज्यूंची वस्ती १४३८ सालची. खारट जमिनीवर वसली म्हणून तिला ‘मेल्लाह’ म्हणू लागले आणि पुढे मोरोक्कोतील प्रत्येक ज्यू मोहल्ल्याचे तेच नाव पडले. स्पेनमधून आलेली कुटुंबे त्याच दाटीत सामावली. चामडे कमावण्याचे हौद पाहण्यास प्रवासी गर्दी करतात. आपल्या मंडळींनी ते न पाहिले, तरी काही गमावले असे होणार नाही. सकाळी वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचे ऑलिव्हचे तेल घातलेले ‘बिसारा’ हे दाट सूप आणि तव्यावरची पदरी पोळी मिळते. भाज्यांचे ताजिन मात्र पुष्कळदा मांसाच्या रश्श्यातच शिजवलेले असते. ते विचारून घ्यावे.

फेसच्या दक्षिणेस इफ्रान हे डोंगरी गाव लागते. १९३५ साली येथे उणे २३.९ अंश तापमान नोंदले गेले. आफ्रिकेतील हा नीचांक आहे. देवदारांची राने संपतात, रस्ता उघड्या पठारावर येतो आणि मग झीझ नदीची दरी उघडते : तांबड्या खडकांच्या तळाशी खजुरांची एकच हिरवी नागमोडी पट्टी, मैलोगणती. ऑक्टोबर हा खजूर उतरवण्याचा हंगाम. गावाबाहेर पोलिसांची नाकी असतात; पाटी दिसली, की गाडी थांबवून शिपायाने हात करेपर्यंत उभे राहावयाचे. रात्री गाडी चालवावयाची नाही, हा दांपत्याचा दुसरा नियम. दिवा नसलेल्या गाड्या, गाढवे आणि पादचारी यांनी तो रास्त ठरवला.

दरीच्या शेवटी रिसानी हे बाजाराचे गाव आहे. गावाला लागून मातीच्या पडक्या भिंतींचे मोठे रान पसरलेले दिसते. बहुतेक स्वार मेर्झूगाच्या वाळूच्या टेकड्या गाठण्याच्या घाईत तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते रान म्हणजे सिजिलमासा. आठव्या शतकात वसलेले हे शहर सहाराच्या उत्तर काठावरील सर्वांत मोठी पेठ होते. येथून उंटांचे तांडे दक्षिणेस निघत, वाटेत वाळवंटातील खाणींतून मीठ उचलत आणि पलीकडून सोने घेऊन येत. दहाव्या शतकात इब्न हौकल नावाचा अरब प्रवासी या मुलखात येऊन गेला. त्याने एक कागद पाहिल्याचे लिहून ठेवले आहे : औदाघोस्तच्या एका व्यापाऱ्याने सिजिलमासाच्या व्यापाऱ्याला लिहून दिलेली, साक्षीदारांनी प्रमाणित केलेली, ४२,००० दिनारांची कर्जाची चिठ्ठी. औदाघोस्त आजच्या मॉरिटानियात, सिजिलमासापासून दोन महिन्यांच्या तांड्याच्या वाटेवर. दिनाराचे प्रमाण वजन सव्वाचार ग्रॅम धरले, तर ती रक्कम सुमारे १७८ किलो सोन्याची होते. मोटारसायकलवरील दोन्ही स्वारांच्या वजनाहून अधिक. पूर्वेकडील देशांत असा व्यवहार आपण पाहिला नाही, असे इब्न हौकल म्हणतो. त्या चिठ्ठीला अरबीत ‘सक्क’ म्हणत, आणि बँकेतील ‘चेक’ या शब्दाचे मूळ तेच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या भिंतींपुढे आज पाटीशिवाय फारसे काही नाही.

तांजियेचा इब्न बतूता १३५२ साली येथूनच माली देशाकडे निघाला. त्याआधी तो चीनपर्यंत जाऊन आला होता आणि सिजिलमासात ज्या घरी तो उतरला, त्या घरधन्याचा भाऊ त्याला चीनमध्ये भेटलेला होता. व्यापारी कुटुंबांचा पसारा किती दूरवर असे, याचा याहून चांगला दाखला क्वचितच मिळेल. हाच इब्न बतूता दिल्लीच्या महंमद तुघलकाच्या पदरी काझी होता आणि तेथून चीनकडे जाताना दौलताबादेस येऊन गेला. तेथील जवाहिऱ्यांना ‘साहा’ म्हणतात आणि त्यांची संपत्ती अफाट आहे, असे त्याने नोंदवले. नंदुरबारच्या लोकांविषयी तो लिहितो, की ते कलाकुसरीत निपुण आहेत, भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात आणि प्राण्यांना इजा करणे त्यांना आवडत नाही. तांजियेच्या माणसाच्या लेखणीतून खानदेशाचे हे वर्णन उतरावे, याचे कौतुक वाटते.

आमच्या दांपत्याची गाडी रिसानीजवळच अडली. खडबडीत वाटेवर मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळू लागला. एकट्याने सावकाश चालवली तर चालेल, दोघांचा भार मात्र झेपणार नाही, असे गावातील मिस्त्रीने सांगितले. सुटा भाग बसने यावयाचा होता. चार दिवस लागतील, कदाचित सहा. त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. एक मोठा ठेकेदार साठ दिवसांच्या उधारीवर माल मागत होता. रक्कम दुकानाच्या तीन महिन्यांच्या खरेदीइतकी. उत्तर आठवडाभरात द्यावयाचे होते. दिला, तर वर्ष सोन्याचे. बुडाला, तर दुकान पुरवठादारांपुढे हात जोडून उभे.

गृहस्थांचे म्हणणे पडले, की बाईंनी फेसहून विमान पकडून घरी जावे, वह्या पाहाव्यात आणि निर्णय द्यावा. त्यांना स्वतःला जाता येत नव्हते. गाडी त्यांच्या नावावर होती. बाईंना जाता येत होते, आणि पेचही तोच होता. त्या रात्री यंत्र कानात नसतानाही दोघांत बराच वेळ बोलणे झाले नाही. बाईंनी सकाळी नकार दिला. आपण आज धावत गेलो, तर दुकान पुढेही आपलेच राहील आणि मुलगा पगारी माणूस, हे त्यांचे कारण. गृहस्थांना ते पटले नाही. तीस वर्षांची पुंजी पणाला लागली असताना शिकवण्याची ही वेळ नव्हे, असे त्यांना वाटत होते. आणि ज्याने उभी हयात उधारी वसूल करण्यात घालवली, त्याच्या बोलण्याला वजन नाही, असे कोण म्हणेल?

अखेर बाईंनी मुलाला एक संदेश पाठवला. त्यात सल्ला नव्हता. गेल्या चार वर्षांत त्या ठेकेदाराने कोणते बिल किती दिवसांनी फेडले, याच्या आठवणीतल्या पाच तारखा होत्या. एकही बिल मुदतीत फिटलेले नव्हते आणि एकही बुडालेले नव्हते. तपशील वहीत ताडून पाहा, एवढेच शेवटी लिहिले होते. दोन दिवसांनी मुलाने कळवले, की त्याने एक तृतीयांश माल दिला आहे आणि पुढचा माल पहिल्याचे पैसे आल्यावर देणार आहे. ठेकेदार नाराज झाला, पण गेला नाही. गृहस्थ म्हणाले, आपण असे केले नसते. आपण काय केले असते, हे त्यांनी सांगितले नाही.

सुटा भाग पाचव्या दिवशी आला. तोदराची अरुंद दरी, वारझाझात आणि आइत बेन हद्दू हे जागतिक वारसा ठरलेले मातीचे गाव ओलांडून दोघे २,२६० मीटर उंचीच्या तिझी न तिश्का या घाटाने अ‍ॅटलास पर्वत चढले. नैर्ऋत्येकडील डोंगरांत ८ सप्टेंबर २०२३ रोजी ६.८ क्षमतेचा भूकंप झाला होता आणि २,९०० हून अधिक माणसे दगावली होती. माराकेशच्या चौकात एक संध्याकाळ घालवून त्यांनी उत्तरेचा रस्ता धरला.

तांजिये-मेद बंदरात जकात अधिकाऱ्याने चिठ्ठी घेतली, गाडीचा क्रमांक ताडून पाहिला आणि नोंद रद्द केली. बाईंकडे थोडे दिरहम उरले होते. बँकेची रांग मोठी होती, म्हणून त्यांनी त्यांची संत्री घेतली. पलीकडच्या किनाऱ्यावर त्याच फळाला ‘नारांखा’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आणि अरबीत फारसीवाटे आपल्या ‘नारंगा’वरून गेला. डिकीत जागा नव्हती. दोघांनी ती बोटीवरच सोलून खाल्ली.